कमळाआत्या आणि झेब्राफिश

प्रिय निकिता,

या आठवड्यात पहाटे माझा फोन आला नाही म्हणून रुसलीस ना? "नाना, विसरलात का मला?" हा तुझा मेसेज वाचला. विसरलो नाही बाई. कारण सांगतो, पण माझ्या पद्धतीने, मोटारीला तार गुंडाळावी तसा एकेक वेढा मोजत. अर्धवट गुंडाळलेली मोटार मी कधी गिऱ्हाइकाच्या हातात दिली नाही.

दिवाळीत सातपूरच्या वर्कशॉपात बसून तू सांगितलेलं मला पाठ आहे. झेब्राफिशमधलं पोटॅशियम चॅनेलचं जनुक तुम्ही लॅबमध्ये क्लोन केलंत. गोरक्षकाका अजून गावभर सांगतो, "नानाची पोरगी माशाची डुप्लिकेट काढते." कालही आला तो तेच घेऊन. म्हटलं, अख्खा मासा नाही रे, एका जनुकाची नक्कल, ती जिवाणूत घालून वाढवतात. तर म्हणे, "मग कालवण कशाचं करायचं?" एरवी त्याला तासभर झापलं असतं. काल हसूही आलं नाही.

चॅनेल म्हणजे पेशीच्या भिंतीतलं दार. ठोका झाला की त्यातून पोटॅशियम बाहेर पडतं आणि हृदय पुढच्या ठोक्याला तयार होतं. मी म्हटलं होतं, म्हणजे पंपाचा व्हॉल्व्ह! तू म्हणालीस, "जवळपास, नाना." ते 'जवळपास' मला असं झोंबलं की नंतर मिळेल ते वाचून काढलं. दार नीट उघडलं नाही तर माशाच्या पिल्लाचं हृदय ठोका चुकवतं, हेही.

आता घाबरू नकोस. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात आलो, तिथे ईसीजी काढला. डॉक्टर मॅडमनी तो पुन्हा काढायला लावला. माझं हृदय प्रत्येक ठोक्यानंतर सावरायला जास्त वेळ घेतंय म्हणे. "काका, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का?" मी ठणकावून नाही म्हटलं. मग पडल्या पडल्या कमळा आठवली.

माझी धाकटी बहीण. तू तिला पाहिलं नाहीस. देवळ्याच्या घरी तेव्हा नवा फोन आला होता. ती शेजारीच तांदूळ निवडत होती. घंटा खणाणली आणि ती सुपासकट आडवी झाली. फेफरं समजून आईने बुक्कीने कांदा फोडला आणि तिच्या नाकाशी धरला. आमच्याकडे बेशुद्ध माणसाला कांदाच. आधी दोनदा अशीच पडून ती उठली होती. त्या दिवशी उठली नाही.

आणि नामपूरच्या लग्नात तू. शाळेत होतीस. ताशा कडकडला तशी पडलीस. तुलाही कांदाच लावला. शुद्धीवर येऊन "वास मारतोय" म्हणून रडायला लागलीस तेव्हा सगळा मांडव हसला. पोर उपाशी असेल, म्हणाले.

हे मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, दचकवणाऱ्या आवाजाने बिघडणारा, घरात उतरत येणारा हा आजार असू शकतो, आणि बहुधा पोटॅशियम चॅनेलचाच. बहुधा. रक्त तपासायला गेलंय, खात्री झालेली नाही. यावर गोळ्या आहेत, सांभाळून राहिलं तर माणूस म्हातारा होतो. मी होतोच आहे की. पण मुलीचा ईसीजी लगेच काढा, असं त्यांनी बजावलंय.

मला इथून सोडत नाहीत, नाहीतर पुण्याला मीच आलो असतो. तुझी रूममेट संजना सुट्टी संपवून आज परत निघालीये, तिच्या हाती हे देतोय. तिला सांगितलंय, दाराची बेल वाजवायची नाही, हळू हाक मारायची आणि तुला थेट दवाखान्यात न्यायचं. हट्ट करू नकोस. मोबाइलचा गजर काढ, रिंग बंद कर. तू पहाटे अभ्यासाला उठावीस म्हणून इतकी वर्षं मीच फोन करून तुला जागं करत आलो. आता नंबर काढतो, आणि बोट मागे घेतो. म्हणून हे पत्र, कागदाला आवाज नसतो. रिपोर्ट कळला की तू मात्र फोनच कर. मी त्याचीच वाट बघत असेन, त्यामुळे दचकायचा प्रश्न नाही.

तुझाच,
नाना