पत्रातल्या चौथ्या ओळीतला शब्द

सोमवार, ३ मार्च

पत्र आलं! लाँड्रीच्या ऑफिसातून, इंग्रजीत, खाली मॅनेजरसाहेबांची सही. लेकीने वाचून दाखवलं. चौथ्या ओळीत अडकली, मग म्हणाली, "आई, तू बायकांना इन्साइट केलंस असं लिहिलंय." पुढच्या सोमवारी चौकशी. नोकरी जाऊही शकते.

मागच्या बुधवारी दाढ काढायची म्हणून मी रजेवर होते. नेमक्या त्याच दिवशी घडीच्या टेबलावरच्या आठही जणी, उभ्यानेच काम करायचा नियम मोडून, चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून घड्या घालायला लागल्या. आदल्या दिवशी डबा खाताना मी एवढंच म्हटलं होतं, "इस्त्री उभ्यानेच करावी लागते, कबूल. पण घडी बसून घातली तर चादरीला कळतं का?"

मी तिथे नव्हतेच. मग केलं काय?

ऑफिसात टायपिंग एकच जण करते – वन्सं. यांची थोरली बहीण. मला तिथे चिकटवलं त्यांनीच, आणि हे पत्र बडवलं तेही त्यांनीच. आधी एका शब्दाने सांगायचं तरी!

मंगळवार, ४ मार्च

लेकीच्या डिक्शनरीत तीन अर्थ निघाले. चिथावणे. भडकावणे. प्रवृत्त करणे. तिसरा मला आवडला – रक्तदानालाही प्रवृत्त करतातच की. लेक म्हणाली, सोयीचा अर्थ निवडू नकोस.

सासूबाई भाजी निवडता निवडता बोटं मोजायला लागल्या. फूस लावणं, कान भरणं, काडी लावणं, उचकवणं, डिवचणं, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं... "एवढे शब्द आहेत म्हणजे धंदा जुना आहे," म्हणाल्या. हसूच आलं.

भांडी घासताना तेच डोक्यात. डिवचलं की माणूस डिवचणाऱ्यावर उलटतो. चिथावलं की तिसऱ्यावर धावून जातो, चिथावणारा आपला नामानिराळा. आपण हे शब्द रोज वापरतो आणि हा फरक कधी बघितलाच नव्हता.

बुधवार, ५ मार्च

जिन्यात वन्सं भेटल्या. काहीतरी बोलणार होत्या. मी न थांबता वर आले.

गुरुवार, ६ मार्च

खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गेले. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेला माणूस. आधी पत्रातल्या दोन चुका दाखवल्या, मग मुद्द्यावर आले. म्हणाले, या क्रियापदाची एक खोड आहे. त्याच्यापुढे बहुतेक वाईटच काम लागतं. दंगल, द्वेष, मारामारी. अभ्यासाला किंवा झाडं लावायला कुणी कुणाला इन्साइट करत नाही.

मी विचारलं, "मग बसणं वाईट आहे का?"

मास्तर चष्मा पुसत राहिले. "हा प्रश्न इंग्रजीचा नाही, बाई," म्हणाले.

घरी येईपर्यंत माझं उत्तर तयार होतं.

शनिवार, ८ मार्च

टेबलावरच्या सगळ्यात जुन्या बाईला विचारलं, खरं सांग, तू माझ्यामुळे बसलीस? ती म्हणाली, "गुडघ्यामुळे." मग चादर झटकत, "पण बसता येतं हे तुझ्यामुळे सुचलं."

म्हणजे केलं की नाही केलं?

सोमवार, १० मार्च

सुटले!

साहेबांची खोली थंडगार. वन्सं कोपऱ्यात लिहून घ्यायला बसलेल्या, मान खाली. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. डब्याच्या वेळी काय बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. मग म्हटलं, "साहेब, चौथ्या ओळीत जो शब्द आहे, त्याच्यापुढे वाईट काम लागतं. बसून घड्या घालणं वाईट कसं, तेवढं सांगा."

साहेबांनी पत्र ओढून घेतलं. चौथी ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग कोपऱ्याकडे बघितलं. शेवटी तोंडी ताकीद देऊन, जा म्हणाले.

एका शब्दावर त्यांची बोलती बंद केली मी. सासूबाईंनी दोनदा सगळं सांगायला लावलं. मास्तरांनाही जाऊन सांगून आले.

गुरुवार, १३ मार्च

आज वन्सं घडीच्या टेबलावर आल्या. त्यांना ऑफिसातून कायमचं काढून इकडे टाकलं. कारण मीच खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. साहेबांनी त्यांना 'धमकावलं' असं टाइप करायला सांगितलं होतं. धमकावणाऱ्याला चौकशी नसते, त्याच दिवशी घरी पाठवतात. वन्संनी शब्द बदलला. साहेबांनी न वाचता सही केली.

सोमवारी मीच साहेबांना तो वाचायला लावला.