कुंडातले शुक्रवार

बाबा, आज तुझ्यावरचा राग पुन्हा उफाळून आला, म्हणून लिहायला बसले. तू गेलास तेव्हा मी कॉलेजात होते. आता आपल्या घरातली ही पहिली ग्रॅज्युएट भिवंडीतल्याच एका सोनोग्राफी सेंटरमध्ये काउंटरवर बसते, पेशंटची नावं पुकारते, रिपोर्ट टाइप करते. समोरचा बाक रिकामा झाला की मला तूच तिथून उठून जाताना दिसतोस.

कामतघरच्या डॉक्टरांनी तुला स्पष्ट सांगितलं होतं, "अंडकोषाला सूज आहे, दुखत नाही म्हणून सोडू नका. पाणी आहे की गाठ, ते सोनोग्राफीत दिसेल." सोनोग्राफीला सोबत मी आले. बाकावर सगळ्या पोटुशी बायका, त्यांच्यात तू अंग चोरून बसलेला. तेवढ्यात तुझ्या यंत्रमागाच्या कारखान्यातला एक जण बायकोला घेऊन आला आणि मोठ्यानं म्हणाला, "क्या भाई, कौनसा महीना चल रहा है?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तूही हसलास, आणि हसत हसतच उठलास. जिन्यात मी तुझी बाही धरली. "बाबा, दहा मिनिटांचं काम आहे." तू हात झटकलास. "बायकांच्या जागंत माजं काय काम हाय? कालेजात जातेस म्हनून बापाला शिकवू नको. उद्या लूमवर तोंड दाखवायचं हाय मला."

मग तूच औषध ठरवलंस. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात बसलं की सूज उतरते म्हणे! शुक्रवारी लूम बंद, मी कॉलेज बुडवायची, आई भाकरी आणि सुकट बांधून घ्यायची. तू कमरेएवढ्या पाण्यात बसतोस, आम्ही पायरीवर जेवतोय, तू आमच्यावर पाणी उडवतोस. त्याआधी तू आम्हाला कधी कुठे नेलंच नव्हतंस. मी किती खूश होते, आणि त्याच खुशीची आता मला शिसारी येते. आम्ही तिथे जेवत होतो आणि ते दुखणं तुझ्या पोटात चढत होतं.

कंबर धरून चालायला लागलास तेव्हा कुठे त्याच बाकावर परत आलास. या वेळी कुणी चेष्टा केली नाही. डॉक्टरीणबाईंनी मशीन फिरवलं आणि मलाच विचारलं, "आधी का नाही आणलं? गाठ आहे, पोटातही पसरलीय." मी तुझ्याकडे पाहिलं, तू भिंतीकडे. नुसतं पाणी पडद्यावर काळं दिसतं, गाठ वेगळी दिसते, हे मला आता कळतं. वेळेवर सापडली तर बहुतेक माणसं बरी होऊन कामावर जातात, हेही कळतं. तू कशानं गेलास विचारलं की आई अजून लोकांना "पोटाचं दुखणं होतं" एवढंच सांगते. तुझी लाज आता ती राखते.

आज एक तरुण लूमवाला असाच बाकावरून उठला. "मॅडम, ये तो लेडीज का है," म्हणत दाराकडे निघाला. मी काउंटर सोडून दारात उभी राहिले. म्हटलं, "बैठो भैया. मेरे बाबाने भी यही टेस्ट किया था, टाइम पे. अभी वडपे में गोदाम में ड्युटी करते हैं."

"अभी भी जाते हैं?"

"रोज."

तो बसला.

हे पत्र माझ्या पर्समध्येच राहणार. खोटं बोलणाऱ्यांची मला किती चीड आहे, तुला माहीत आहे. पण बाबा, "रोज" म्हणताना क्षणभर मला ते खरंच वाटलं.