अफ्रियीच्या यंत्राची तीन चाकं

सोमवार, ३ जून
पुन्हा मोडलं! सकाळीच अफ्रियी गिअरबॉक्स घेऊन दुकानात. आत मधल्या चाकाभोवती फिरणारी तीन छोटी चाकं — तिन्ही प्लास्टिकची, दाते साफ गेलेले. कोकोची पोती वाहणारा रोबोट म्हणे! पहिल्याच चढावर बसला. "बाबा, शनिवारी परीक्षक येणार. पोलादी करून दे ना. तुझ्याशिवाय कोण करणार?" पोरगी विद्यापीठात शिकवते, पण कामाला शेवटी बापच लागतो. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

मंगळवार, ४
ट्रकचा जुना ॲक्सल कापायला घेतला. मध्येच एक गिऱ्हाईक टपकलं. पंपाचा दांडा हवा, पण "इथला, कुमासीचा माल नको, मास्तर, टिकत नाही." मीच कातलेला दांडा दिला, 'जर्मनी'चा शिक्का ठोकून. खूश होऊन गेला मेला! तीस वर्षं हेच चाललंय. शिक्क्याचं शेवटचं अक्षर झिजलंय, अर्धंच उठतं — बघतो कोण? माझं नाव ठोकलं असतं तर उपाशी मेलो असतो.

गुरुवार, ६
तिन्ही चाकांचे मिळून चोपन्न दाते! वीज दोनदा गेली. कोळशात लाल करून तेलात सोडली चाकं. नंतर कानस लावून बघितली — नुसती घसरते, इतकं कडक झालंय पोलाद. हातांना आता काही सांगावं लागत नाही, आपोआप सगळं उरकतात. कापडात गुंडाळून दिली तिला.

शनिवार, ८
काय लिहू! ठेवणीतलं कापड अंगावर घेऊन तिसऱ्या रांगेत बसलो होतो. रोबोट दोन पोती घेऊन चढ चढला. टाळ्या! परीक्षकाने झाकण उघडायला लावलं, भिंग घेऊन वाकला. "जर्मन चाकं का?" अफ्रियीने सरळ माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाली, "हो."
बापाची लाज वाटते तिला. माझ्या काळ्या नखांची लाज वाटते. शेजारचा बदू वेल्डर फिदीफिदी हसला — "काय मास्तर, जर्मन कधी झालात?" जेवण न घेताच निघालो.

रविवार, ९
चर्चला गेलो नाही. तिचे पाच फोन. उचलले नाहीत.

मंगळवार, ११
आली होती. गिअरबॉक्स बाकावर ठेवून म्हणाली, "बाबा, एकदा उघडून तर बघ." मी लेथ बंद केलं नाही. "तुझ्या जर्मनीला दाखव!" म्हटलं. गिअरबॉक्स तिथेच ठेवून गेली. मी वळून बघितलं नाही.

बुधवार, १२
उघडला. तिन्ही चाकांवर शिक्का आहे — 'जर्मनी'. शेवटचं अक्षर अर्धं. सवयीने मीच ठोकला! ती "नाही" म्हणाली असती, तर भरल्या सभेत खोटारडा मी ठरलो असतो.
सकाळपासून फोन लावतोय. उचलत नाही.