रविवारी चारच्या आत टीव्ही

सोमवार, ३ मार्च
जुना टीव्ही गेला. आधी हिरवा झाला, मग गेला. रविवारी दुपारी चारला मुलीची पोहण्याची फायनल, आठशे मीटर. स्पर्धा परगावी, तिकिटं संपलेली. बघायचं ते टीव्हीवरच. बायको म्हणाली, आजच जा आणि कुठलाही आणा.
कुठलाही! तीस वर्षं रंगाचं दुकान चालवतोय. मला कुठलाही विकणारा अजून जन्माला यायचाय.
संकल्प: आधी अभ्यास, मग खरेदी.

मंगळवार, ४ मार्च
फोर-के म्हणजे ठिपके जास्त. निट्स म्हणजे उजेड. रिफ्रेश रेट म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं. तो कमी असला की पोहणाऱ्याच्या हाताचा फराटा होतो. कॉन्ट्रास्ट म्हणजे पांढऱ्याकाळ्यातला फरक. हे तर माझंच खातं.
मुक्कामाला आलेल्या सासूबाईंना सगळं समजावलं. म्हणाल्या, जावईबापू, नात दिसली म्हणजे झालं.
जुनी पिढी.

बुधवार, ५ मार्च
दुकानात गेलो. खोक्यावर ‘मोशन २४०’. विचारलं, खरा रिफ्रेश रेट बोल. विक्रेता हळूच म्हणाला, साठ. चेहरा बघण्यासारखा! निघताना म्हणाला, काका, तुम्ही याच धंद्यातले का?
घेतला नाही. इतक्यात घेणं म्हणजे अभ्यासाचा अपमान.

गुरुवार, ६ मार्च
बायको बोलत नाही. सासूबाई बोलतात. पहिलं बरं.

शुक्रवार, ७ मार्च
घेतला!
दुकानात झगझगीत दिवे, टीव्हीही भडक करून ठेवलेले. हा डाव मला शिकवता? मी दिवे बंद करायला लावले, शटर अर्धं ओढायला लावलं. अंधारात एकच टीव्ही खरा काळाकुट्ट. बाकी सगळे राखाडी.
विक्रेता म्हणाला, काका, तुमच्या हॉलमध्ये दुपारी ऊन येतं का?
हसूच आलं. भिंतीला ऊन लागतं का, असं मीही रोज गिऱ्हाइकाला विचारतो, दुप्पट किमतीचा डबा काढायच्या आधी. म्हटलं, बाबा रे, उन्हाचं मला सांगू नकोस. तो उजळ मॉडेल, कमी चकाकीची स्क्रीन वगैरे सुरू झाला. म्हटलं, याचंच बिल कर. उघडलेला माल परत घेणार नाही, असं त्याने दोनदा बजावलं. बिचारा.

शनिवार, ८ मार्च, संध्याकाळी ७.३०
मेकॅनिक बसवून गेला. चित्र असं की बास! बायको चक्क म्हणाली, छान आहे. लेखी मागणार होतो.
शेजारी, वरच्या काकू, लाँड्रीवाला, त्याचं अख्खं कुटुंब, सगळ्यांना उद्याचं आमंत्रण.

रविवार, ९ मार्च, दुपारी ३.४०
टीव्हीसमोर पश्चिमेची खिडकी. स्क्रीनवर ती खिडकी, सोफा आणि सोफ्यावर दाटीवाटीने आम्ही अकरा जण. अतिशय स्पष्ट. तलाव कुठेच नाही. ब्राइटनेस शंभर केला. तरी आम्हीच. वरच्या काकू त्यात बघून केस सारखे करतायत.

३.५२
खिडकीचे पडदे झिरझिरीत. ब्लँकेट लावायचं ठरलं. शेजारी म्हणाला, दोन खिळे ठोकतो. मागच्या महिन्यात रंगवलेल्या भिंतीत? माझ्या दुकानातल्या सगळ्यात भारी रंगात? मुळीच नाही. मी स्टुलावर उभा राहून धरतो. कुणीतरी बदली येईलच.

संध्याकाळी ६
कुणी आलं नाही.
दोन्ही हात वर, तोंड खिडकीकडे, नाकाला ब्लँकेट. मागे आरडाओरडा. सासूबाई ओरडत होत्या, निळी टोपी आपली, निळी आपली! लाँड्रीवाला म्हणाला, चौथी! मग तिसरी. मी एकदाच चोरून वळलो. ब्लँकेट घसरलं आणि स्क्रीनवर मी दिसलो, स्टुलावर. अकरापैकी दहा जण एका सुरात खेकसले, अहो, धरा!
पोरगी दुसरी आली. टाळ्यांवरून कळलं.
लगेच तिचा फोन. बाबा, बघितलंत ना? म्हटलं, मग! एकदम क्लिअर. म्हणाली, आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून मी तुमच्यासाठी काय केलं, ते दिसलं? म्हटलं, दिसलं तर.
काय केलं, ते बायकोला विचारलं. म्हणाली, आधी ब्लँकेटची घडी घाला.