अठ्ठावीस तारखेचं तिकीट

स्टॉकटन, कॅलिफोर्निया
१४ नोव्हेंबर

प्रिय नानाय,

मनानेच तुमचा हात कपाळाला लावते आणि लिहायला बसते. आम्ही इथे बरे आहोत. साबण, कॉफी आणि मऊ चपलांचं खोकं पोचलं असेल. चपला वापरा, पेटीत जपून ठेवू नका. दम लागतो तेव्हा उशी उंच करून घेता ना? तुमच्यासाठी रोज माळ जपते आहे.

माझी मैत्रीण नेनेता उद्या आपल्या गावी निघते आहे, म्हणून तिच्या हाती पत्र देते. फोनवर बोलताना विल्मार शेजारीच असतो, त्याच्यासमोर हे बोलता येत नाही.

त्याने अठ्ठावीस तारखेचं तिकीट काढलंय. आपल्या आईला, तुम्हाला भेटायला.

मी मॅट्रिक शिकलेली, वकीलबाईंकडून तीनदा समजून घेतलं. विल्मार रीतसर व्हिसावर आला, पण मुदत संपल्यावर सहा वर्षं राहिला. मी इथली नागरिक, म्हणून माझा नवरा या नात्याने त्याला इथे राहूनच कायम राहण्याचे कागद मिळतील. कागदांआधी देश सोडला, तर दहा वर्षं परत येता येणार नाही. माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं नाही. आमचा अर्ज गेल्या आठवड्यात गेला. प्रवासाची परवानगीही मागितली आहे. ती यायला महिने लागतात.

त्याला सांगितलं तर म्हणतो, "आई एकच आहे. बायको दहा वर्षांनी भेटेल."

"दहा वर्षांनी ओळखशील तरी का?"

"कुरकुर ऐकली की ओळखीन!" हसला, आणि तुमच्यासाठी घेतलेला स्वेटर बॅगेत ठेवू लागला.

आता खरं ते लिहिते. हा अर्ज दोन वर्षांपूर्वीच जाऊ शकला असता. आम्ही इथल्या कचेरीत लग्नाच्या सह्या केल्या त्याच आठवड्यात. पण तुम्हाला शब्द दिला होता, लग्न आपल्या गावच्या चर्चमध्ये, तुमच्या डोळ्यांदेखत. देवापुढे उभी न राहता शपथेच्या कागदावर 'पत्नी' कसं लिहू? मी फॉर्म पवित्र मातेच्या तसबिरीमागे ठेवून दिला. वकीलबाई चिडल्या, "अहो, सरकार तुमचा देव विचारत नाही, दाखला विचारतं!" तेव्हा सही केली असती तर आज तो तुमच्या उशाशी बसला असता. विल्मारने एकदाही बोलून दाखवलं नाही. तेच जास्त लागतं.

नाताळ दिसेल की नाही, असं तुम्हीच मागे म्हणालात. तरी मागते. तो माझं ऐकत नाही, फादरचंही नाही. तुमचं ऐकेल. रविवारी त्याचा फोन येईल, तेव्हा 'येऊ नकोस' म्हणाल का?

आणि तसं म्हणवलं नाही, तर नका म्हणू. मी स्वतः त्याला विमानतळावर सोडीन. देवाशपथ, तुमच्यावर राग धरणार नाही.

आजवर पत्राखाली नुसतं नाव लिहीत आले. आज पहिल्यांदा पूर्ण लिहिते.

तुमची सून,
विल्मारची पत्नी,
मर्लिता