लेकीच्या चट्ट्यांचा शोध

ती. आईस साष्टांग नमस्कार.

देवाच्या दयेने इथे दवाखान्यात आम्ही मायलेकी ठीक आहोत. तू लिहिलंस, पोरीला टोचणं पुरे, घरी आण. पण ऐक. कातडीतल्या राखणदार पेशी शत्रूला ओळखून जणू पंजात धरतात. हिच्या पेशी हिच्याच कातडीवर उठल्यात, म्हणून चट्टे. त्यांचे ते ओळखणारे पंजे कोणत्या जनुकांनी घडतात, हे इथल्या डॉक्टरीणबाई शोधतायत. कळलं तर नेमक्या तेवढ्याच पेशी आवरता येतील म्हणे.

ताडून बघायला निरोगी कातडी हवी होती, मी दंड पुढे केला. पोर हसली, "आई, तू चिंधीसुद्धा टाकत नाहीस, आणि कातडी दिलीस!" टाके जरा ठणकतात, इतकंच.

तुझे गुडघे कसे आहेत?

चट्ट्यांचं उत्तर मिळाल्याशिवाय आम्ही इथून हलणार नाही. बरी झाल्यावर तिला अर्ध्या बाह्यांचा झगा हवाय. कापड आणून ठेवलंय.

तुझी,
धाकटी