सामान पुढे गेलं

नांदेड, ता. २ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप दादांस, धाकट्या उत्तमचा जयभीम वि. वि.

कालपासून आपला मराठवाडा मुंबई राज्यात आला. तुमची बदलीही इकडेच आहे. पंधरवड्यात हजर व्हा, नाहीतर नोकरी जाईल. वहिनींसाठी खिडकीची खोली घेतली आहे.

माझी इंग्रजीची परीक्षा आली. इम्पीड, ऑब्स्टॅकल, ऑब्स्ट्रक्ट, थ्वॉर्ट. डिक्शनरीत सगळ्यांपुढे अडवणे! साहेबाला एवढे शब्द कशाला लागले? कळवा, पण सभेसारखं लांबवू नका.

लोभ आहेच, तो घेऊन या.

उत्तम

अंबरपेठ, हैदराबाद, ता. ५ नोव्हेंबर

चि. उत्तमला श्रीपतीचा जयभीम.

साहेबानं अर्ध्या जगाची वाट अडवली, शब्द कमी पडून कसं चालेल? इम्पीडच्या पोटात लॅटिनमधला पाय आहे. पायांत बेडी घालणे. रोमन फौज आपल्या सामानसुमानालाही त्याच मुळातलं नाव देई. ऑब्स्टॅकल म्हणजे समोर उभं राहिलेलं. थ्वॉर्ट म्हणजे आडवं. ऑब्स्ट्रक्ट म्हणजे वाटेत रचलेलं. आणि माणसानं रचलेलं माणसाला पाडता येतं, हे मी मरेपर्यंत सांगत राहीन.

भादव्यात आमची पोर भामा तापानं गेली, तिला मुशी नदीकाठी पुरली. तुझी वहिनी रोज तिथं जाऊन बसते. मी नांदेडचं नाव काढलं तर नक्को म्हणाली, एवढंच. भरल्या मैदानापुढे बोलणारा मी, मला पुढचं वाक्य सुचलं नाही. रडूही येत नाही. तुम्ही जावा, असं म्हणते. शनिवारी एकटाच निघतो.

अभ्यास कर. आशीर्वाद आहेत.

श्रीपती

अंबरपेठ, ता. १२ नोव्हेंबर

उत्तमभाऊजींना कोंडाबाईचा जयभीम.

अक्षर माझंच आहे, ह्यांनी शिकवलेलं. हसू नका.

तुम्ही स्टेशनवर वाट पाहिली असेल. शनिवारी ह्यांना सोडायला मी काचीगुड्याला गेले. सामान मागच्या मालडब्यात चढलं. हे डब्यात बसले, भाकरीचं फडकं मांडीवर घेतलं. तुम्हाला लिहिलेले शब्द ह्यांनी मलाही वाचून दाखवले होते. म्हणून मी समोर उभी राहिले नाही, खांबाआड झाले. शिट्टी झाली तसे हे खाली उतरले. नोकरी जाईल म्हटलं, तर हौ म्हणाले. घरापर्यंत चालत आलो.

काल दोघं भामापाशी बसलो होतो.

आलेल्या सामानातली परात, अंथरूण तुम्हीच वापरा. ट्रंकेत तळाशी चुकून भामाचा झगा गेलाय. तेवढा पाठवा.

माया असू द्या.

कोंडाबाई